जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येतो का? दुकानात पैसे देण्याआधी एवढं तपासा

प्रत्येक घरात एक जुना लॅपटॉप असतोच. ताईच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला घेतलेला, मग लहान भावाच्या ऑनलाइन क्लासला लावलेला, आणि आता सुरू व्हायलाच चहा होऊन जाईल एवढा वेळ घेणारा. ठाण्यातल्या कोलशेतसारख्या भागात, जिथे केमिकल कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि कित्येक घरांत वर्क फ्रॉम होम आता सवयीचं झालंय, तिथे हा लॅपटॉप सहजासहजी भंगारात जात नाही. त्याला जवळच्या रिपेअरिंगच्या गाळ्यात नेलं जातं. आणि तिथे हमखास एक वाक्य ऐकू येतं: "प्रोसेसर बदलून टाकू, आय७ बसवू, नव्यासारखा पळेल."

हे खरं असतं का?

थोडक्यात उत्तर असं. बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बदलताच येत नाही, कारण तो मदरबोर्डला कायमचा जोडलेला असतो. साधारण २०१४पर्यंतच्या काही मॉडेल्समध्ये तो बदलता येतो. आणि ज्यात बदलता येतो, त्यातही पैसे टाकायची ती शेवटची जागा असते. तुमचा लॅपटॉप कुठल्या गटात बसतो हे घरबसल्या दहा मिनिटांत कळतं. ते कळल्याशिवाय दुकानात गेलात, तर समोरचा सांगेल ते खरं मानावं लागतं.

सॉकेट की सोल्डर?

डेस्कटॉप कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर एका खाचेत बसवलेला असतो. दांडी उचलायची, चिप काढायची, दुसरी ठेवायची. लॅपटॉपमध्येही एकेकाळी जवळपास असंच होतं. प्रोसेसरच्या खाली शेकडो बारीक पिना असायच्या आणि त्या मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्ये बसायच्या. या पद्धतीला पीजीए म्हणतात. सॉकेटच्या कडेला एक छोटा स्क्रू असतो, तो अर्धा फिरवला की पकड सुटते आणि चिप अलगद वर उचलता येते.

दुसरी पद्धत बीजीए. यात पिना नसतातच. चिपच्या तळाला सोल्डरचे बारीक गोळे असतात, ते गरम करून चिप थेट बोर्डवर चिकटवली जाते. ती स्क्रूड्रायव्हरने निघत नाही.

२०११मध्ये इंटेलने अल्ट्राबुक नावाची कल्पना पुढे आणली आणि लॅपटॉप बारीक करण्याची शर्यत लागली. सॉकेट म्हणजे जाडीत काही मिलिमीटरची भर, शिवाय बनवण्याचा जादा खर्च. पातळ मशीनमध्ये दोन्ही नको होतं. २०१३ साली आलेली इंटेलची चौथी पिढी ही सॉकेटवाल्या लॅपटॉप प्रोसेसरची शेवटची. २०१५च्या सुरुवातीला बाजारात आलेल्या पाचव्या पिढीपासून इंटेलचे सगळे लॅपटॉप प्रोसेसर सोल्डर केलेलेच येतात. एएमडीची गोष्टही फार वेगळी नाही: २०११ ते २०१३च्या ए-सीरिजच्या काही लॅपटॉपमध्ये सॉकेट होता, रायझनचे लॅपटॉप प्रोसेसर सोल्डर केलेले असतात. मॅकबुकचा तर विषयच काढू नका.

अपवाद आहेत. डेलने २०१९मध्ये आणलेल्या एलियनवेअर एरिया-५१एममध्ये चक्क डेस्कटॉपचा प्रोसेसर होता. पण असले अवजड गेमिंग लॅपटॉप किती लोकांच्या घरात असतात?

त्यामुळे पहिला नियम सोपा. लॅपटॉप २०१५नंतरचा असेल, तर "प्रोसेसर अपग्रेड" हा शब्द डोक्यातून काढून टाका आणि थेट खाली एसएसडीच्या भागावर जा.

शेवटचं अक्षर वाचा

लॅपटॉप त्याआधीचा असेल, तर प्रोसेसरचं पूर्ण नाव शोधायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की वर उजवीकडे नाव दिसतं, समजा कोअर आय५-३२१०एम. यातल्या चार आकड्यांपैकी पहिला आकडा पिढी सांगतो. ३ म्हणजे तिसरी. तीनच आकडे असतील, जसं आय५-४३०एम, तर ती पहिली पिढी.

आता शेवटचं अक्षर. यू असेल, उदाहरणार्थ आय५-४२००यू, तर विषय संपला, तो सोल्डर केलेला आहे. वाय आणि एचक्यू यांचंही तेच. एम, क्यूएम किंवा एमक्यू असेल तर आशा आहे. नावात आधीच एन असलेले सेलेरॉन आणि पेंटियम, म्हणजे स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये सर्रास मिळणारे, ते सगळे सोल्डरवाले.

"आशा आहे" असंच म्हणतोय, कारण इथे एक गोची आहे. तोच आय५-३२१०एम इंटेलने दोन्ही प्रकारांत विकला, पिनांचाही आणि सोल्डरचाही. म्हणजे एम दिसला म्हणून सॉकेट असेलच, याची खात्री नाही.

आणि इथेच बरेच जण एका ओळीने फसतात. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर खाली "सॉकेट्स: १" असं लिहिलेलं असतं. ते बघून लोकांना वाटतं, चला, आपल्यात सॉकेट आहे. त्या ओळीचा अर्थ एवढाच की मशीनमध्ये एक प्रोसेसर आहे. कायमचा चिकटवलेला प्रोसेसर असला तरी तिथे १च येतं.

नक्की कळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, सीपीयू-झेड नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर. त्यात पॅकेज या रकान्यात पीजीए लिहिलंय की बीजीए, ते बघा. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा: तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. डेल, एचपी, लेनोवो यांच्या बिझनेस लॅपटॉपची ही मॅन्युअल्स कंपनीच्या साइटवर फुकट मिळतात. त्यात "प्रोसेसर काढणे" असं स्वतंत्र प्रकरण असेल आणि पार्ट्सच्या यादीत प्रोसेसरला वेगळा नंबर असेल, तर तो निघतो. यादीत "सिस्टम बोर्ड, प्रोसेसरसह" असं असेल तर निघत नाही. एचपीच्या मॅन्युअलमध्ये तर कोणकोणते प्रोसेसर त्या मॉडेलमध्ये येतात याची पूर्ण यादीच असते. ही यादी म्हणजे तुमचं मेन्यू कार्ड. त्याबाहेरचं मागवायच्या भानगडीत पडू नका.

मॉडेलच्या नावातलं एक अक्षरही फरक करतं. लेनोवो थिंकपॅड टी४४० आणि टी४४०पी हे एकाच काळातले, नाव जवळजवळ सारखं. टी४४०मध्ये यूवाला सोल्डर केलेला प्रोसेसर आहे. टी४४०पीमध्ये सॉकेट आहे, तळाचं झाकण काढलं की हीटसिंक आणि प्रोसेसर समोरच दिसतात. ऑफिसांतून निघालेले असे थिंकपॅड आणि डेल लॅटिट्यूड सेकंडहँड बाजारात भरपूर येतात, त्यामुळे कुणाच्या हाती कुठला लागेल सांगता येत नाही.

बसतो म्हणून चालतो असं नाही

समजा सॉकेट निघाला. आता कुठला प्रोसेसर घ्यायचा?

पिढीची सीमा ओलांडता येत नाही. पहिल्या पिढीचा सॉकेट वेगळा, दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचा एक, चौथीचा पुन्हा वेगळा. पहिल्या पिढीच्या सॉकेटचं नाव ९८८ए आणि पुढच्याचं ९८८बी, म्हणजे नावात फक्त शेवटचं अक्षर वेगळं, पण एकाची चिप दुसऱ्यात चालत नाही. दुसऱ्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये तिसऱ्या पिढीची चिप बसते खरी, पण ती ओळखण्यासाठी लॅपटॉप कंपनीने तसा बायोस अपडेट दिलेला असावा लागतो. नसेल तर स्क्रीन काळी.

मग येतात वॉट. प्रत्येक प्रोसेसर किती उष्णता टाकतो, त्याचा आकडा ठरलेला असतो आणि लॅपटॉपचा पंखा, हीटसिंक त्याच हिशोबाने बनवलेले असतात. तिसऱ्या पिढीतला आय३-३११०एम ३५ वॉटचा. त्याच्या जागी चार कोअरचा आय७-३६३०क्यूएम घातला तर तो ४५ वॉटचा. आय३साठी बनवलेला पंखा ही उष्णता बाहेर फेकू शकत नाही, मग प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे पैसे आय७चे आणि वेग मात्र अर्धवट. त्याच पिढीत आय७-३६३२क्यूएम हा चार कोअरचा प्रोसेसर ३५ वॉटमध्ये आहे. चौथ्या पिढीत आय७-४७००एमक्यू ४७ वॉटचा, तर आय७-४७०२एमक्यू ३७ वॉटचा, म्हणजे आय५-४२००एमएवढाच. नावात दोनचा फरक आणि दहा वॉट वाचतात. कुणी एमक्यू बसवून देत असेल तर यातला कुठला, हे विचाराच.

फक्त "आय७" या शब्दावर तर अजिबात जाऊ नका. आय७-३५२०एममध्ये दोनच कोअर आहेत, आय५इतकेच. आय५वरून त्यावर जाणं म्हणजे पदवी बदलली, पगार तोच.

नवे असे प्रोसेसर आता कुणी बनवत नाही. मिळतात ते जुन्या, मोडलेल्या लॅपटॉपमधून काढलेले. मुंबईत लॅमिंग्टन रोड ही त्यासाठीची जुनी जागा. कोलशेतहून ठाणे स्टेशन, मग दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, एवढी धावपळ करणार असाल तर मॅन्युअलमधली यादी मोबाइलवर घेऊनच जा. चिप हातात आली की वरचं कोरीव वाचा. दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या खऱ्या विक्रीच्या चिपवर एसआरने सुरू होणारा कोड असतो. "इंटेल कॉन्फिडेन्शियल" असं लिहिलेलं असेल तर तो कंपनीने चाचणीसाठी बनवलेला नमुना आहे, ठेवून द्या. उलटी करून पिनांवर तिरका उजेड पाडा. एक जरी पीन वाकलेली दिसली तरी नको.

बसवण्याचं काम नाजूक आहे, अवघड नाही. बॅटरी काढायची, हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या क्रमांकाप्रमाणे सोडवायचे, चिपच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवायचा, जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. हात थरथरत असतील तर दुकानदाराला करू द्या, पण समोर बसून.

पण खरंच अडलंय का प्रोसेसरमुळे?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा. गाडीत मोठं इंजिन बसवलं आणि रस्ता संध्याकाळी सातचा घोडबंदर रोड असेल, तर पोहोचणार तेवढ्याच वेळात. जुन्या लॅपटॉपमधला घोडबंदर रोड म्हणजे हार्ड डिस्क.

लॅपटॉपच्या साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला ९०. ऐकायला भारी वाटतं. पण हवी ती माहिती डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, शिवाय डोकं योग्य जागी सरकायचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फाइल्स वाचल्या जातात. त्या वेळात प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो, मग तो आय३ असो की आय७. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाहीच.

टास्क मॅनेजर पुन्हा उघडा आणि लॅपटॉप रखडत असताना बघा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू २०-३० टक्क्यांवर? एसएसडी टाका. मेमरी ९० टक्क्यांच्या वर? रॅम वाढवा. सीपीयू सतत १०० टक्के असेल तरच प्रोसेसरचा विचार, आणि त्याआधीही दोन गोष्टी तपासून घ्या.

पहिली, धूळ. जिथे चारही बाजूंना बांधकाम चालू आहे, तिथे पाच-सात वर्षांत पंख्याच्या जाळीत धुळीची अक्षरशः गादी बसते. पेस्ट सुकून खडू झालेली असते. प्रोसेसर तापतो आणि वेग उतरवतो. सफाई आणि नवी पेस्ट, एवढ्यानेच कित्येक लॅपटॉप ताळ्यावर येतात.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. डेलचा लॅपटॉप चार्जरची ओळख पटली नाही तर प्रोसेसरचा वेग मुद्दाम दाबून ठेवतो. स्वस्तातला चार्जर घेतला किंवा पिनेची आतली तार तुटली, की टास्क मॅनेजरमध्ये वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकलेला दिसतो. इथे इलाज आहे चार्जर. प्रोसेसर बदलून काहीही होणार नाही.

एसएसडी घेताना एकच काळजी. २०१४च्या आतल्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी लागते. हल्ली जाहिरातीत दिसणारी च्युइंगमच्या पट्टीसारखी एनव्हीएमई त्यात बसणार नाही. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीवर संपतो, पण जुन्या डिस्कच्या तुलनेत तो प्रचंडच आहे. रॅमबाबतीत चौथ्या पिढीला डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टची पट्टी लागते. साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ चालत नाही. दुकानदार "दोन्ही सेमच" म्हणाला तरी पट्टीवरचं एल वाचून घ्या.

विंडोज ११चा मुद्दा

सध्या लोक प्रोसेसर बदलायला का निघालेत, त्याचं मोठं कारण हे आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. घरगुती वापरासाठी जाहीर केलेली जादा सुरक्षा अपडेट्सची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची. लॅपटॉपवर "हा पीसी विंडोज ११साठी पात्र नाही" असं येतं, कारणांमध्ये प्रोसेसरचं नाव दिसतं, आणि साहजिकच वाटतं की प्रोसेसर बदलला की काम झालं.

होत नाही. विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिप. सॉकेटवाले लॅपटॉप चौथ्या पिढीलाच संपले. म्हणजे ज्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येतो, त्यात विंडोज ११ला चालेल असा एकही प्रोसेसर बसत नाही. आणि ज्यांच्यासाठी चालणारे प्रोसेसर आहेत, त्यांचा बदलता येत नाही. "विंडोज ११साठी प्रोसेसर अपग्रेड करून देतो" असं कुणी म्हणत असेल तर तिथून उठा. तो आडवाटेने विंडोज ११ टाकून देईलही, पण अशा मशीनला अपडेट्स मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

मग अशा लॅपटॉपचं करायचं काय? एसएसडी आणि ८ जीबी रॅम घालून त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलं, तर ब्राउझर, यूट्यूब, लिबरऑफिस, मराठी टायपिंग हे सगळं नीट चालतं आणि सुरक्षा अपडेट्सही येत राहतात. टॅली किंवा कॉलेजचं विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर लागत असेल, तर मात्र यात जीव अडकवू नका. ते पैसे आठव्या पिढीच्या किंवा त्यापुढच्या सेकंडहँड लॅपटॉपकडे वळवा.

प्रोसेसर बदलणं कुणाला खरोखर परवडतं? ज्याच्याकडे टी४४०पीसारखं मशीन आहे, एसएसडी आणि रॅम आधीच टाकलेले आहेत, लिनक्सवर काम चालतं, आणि व्हिडिओ एक्सपोर्ट किंवा प्रोग्राम कंपाइल करताना चारही कोअर कामाला लागतील, त्याला. दोन कोअरवरून चारवर गेल्याचा फरक अशा कामांत लगेच जाणवतो. फेसबुक उघडायला तो जाणवणार नाही.

सोल्डरवाला बदलून देतो म्हणाला तर?

चिप लेव्हल काम करणाऱ्यांकडे गरम हवेची मशीन असते, त्यावर बीजीए चिप काढून दुसरी बसवता येते. तंत्र खरं आहे. पण जुना बोर्ड एवढा तापवल्यावर वाकू शकतो, बायोस नवी चिप ओळखेलच असं नाही, आणि बिघडलं तर आधी चालू असलेला लॅपटॉपही गेला. चालत्या मशीनवर हा प्रयोग कशाला? त्यापेक्षा त्याच मॉडेलचा, जास्त ताकदीच्या प्रोसेसरचा अख्खा मदरबोर्ड मिळतो का बघणं शहाणपणाचं. मात्र विंडोजचं लायसन्स बोर्डला बांधलेलं असतं, ते जुन्या बोर्डाबरोबर जाऊ शकतं.

दुकानात जाल तेव्हा तीन गोष्टी बिलावर लिहून घ्या: प्रोसेसरचं अक्षरासकट पूर्ण नाव, किती दिवसांची वॉरंटी, आणि जुना पार्ट परत मिळणार की नाही. काम झाल्यावर तिथेच टास्क मॅनेजर उघडून नाव जुळतंय का बघा, आणि अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवून वेग पडतोय का तेही. जुनी हार्ड डिस्क बदलली असेल तर ती दुकानात सोडून येऊ नका. यूएसबी केसमध्ये घातली की बॅकअपला उपयोगी पडते, आणि तुमच्या आधार-पॅनच्या स्कॅनपासून बँक स्टेटमेंटपर्यंत सगळं तिच्यावर अजून तसंच असतं.